शीची डबी मागणारा दवाखाना

साताऱ्यातल्या ज्या प्राण्यांच्या दवाखान्याबद्दल हे लिहितेय, त्याचं नाव देत नाही. डॉक्टर मॅडमनीच बजावलंय, "काकू, काय लिहायचं ते लिहा, पण नाव टाकू नका. आत्ताच माझं दुपारचं जेवण साडेचारला होतंय." ज्यांना ओळखायचं ते वर्णनावरून ओळखतील. बाकीच्यांना, कराड, बारामती, नाशिक, कुठेही असाल तिथे, आपल्या गावातला दवाखाना कसा पारखायचा एवढं तरी कळेल. माझी पारख दोन प्रश्नांची. डॉक्टर जनावराची शी तपासायला मागतात का? आणि घरात माणसं कोणकोण आहेत ते विचारतात का?

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आमची रोपवाटिका आहे, महामार्गापासून थोडी आत. गुलाब, जास्वंद, मोगरा, हंगामात आंब्याची कलमं. कोकोपीटच्या गोण्या आणि बियाणं म्हटलं की उंदीर आले, म्हणून मनी ही मांजर आली, तिच्यामागे एक बोका आपण होऊन आला. राखणीला शेरू, गावठी कुत्रा. शिवाय रस्त्यावरची दोन-तीन कुत्री शेडच्या सावलीला येऊन पडतात, त्यांना हाकलायचं म्हटलं तरी कामावरच्या बाया ऐकत नाहीत, डब्यातली अर्धी भाकरी त्यांनाच जाते. कुंड्या भरायला चाळून ठेवलेली मऊ, भुसभुशीत माती मांजराला किती आवडते हे ज्यांनी मांजर पाळलंय त्यांना सांगायला नको. वाळूच्या ढिगाचंही तेच. आणि त्याच मातीत आम्ही सगळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोपरापर्यंत हात घालून बसलेलो.

या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेले ती शेरूच्या खाजेसाठी. त्याआधी दुसरीकडे जायचो. तिथे गेलं की कुत्रा टेबलावर चढवायचा, एक इंजेक्शन, "जंताचं दिलंय, तीन महिन्यांनी या", पैसे द्या आणि निघा. कुठले जंत, आहेत की नाहीत, कशाला विचारायचं? आपणही विचारत नाही.

इथे आल्याआल्या कंपाउंडर पोराने शेरूला वजनकाट्यावर उभं केलं. धान्याच्या दुकानात असतो तसला लोखंडी काटा, वर रबराची चटई. साडेअठरा किलो भरला. मी अंदाजाने कुणालाही पंचवीस सांगत होते. मॅडम म्हणाल्या, जंताच्या गोळीचा हिशोब वजनावर असतो, साधारण दहा किलोला एक गोळी, आणि लोक डोळ्यांनी वजन करतात. लहान कुत्र्याला जास्त, मोठ्याला कमी, आणि मग म्हणतात औषध लागू पडत नाही.

मग त्यांनी वही उघडली. घरात पाच वर्षांखालचं मूल आहे का? कुणी गरोदर आहे का? कुणाची कॅन्सरची औषधं, किडनी बदललेली वगैरे? कुत्रा कुठे बसतो शीला? कच्चं मटण, कलेजी मिळते का त्याला? अनवाणी कोण फिरतं? मला जरा चमत्कारिकच वाटलं. मी म्हटलं, "मॅडम, आजारी शेरू आहे." त्या म्हणाल्या, "शेरूच्या पोटात जे आहे ते तुमच्या अंगणात पडतं. अंगणात कोण आहे ते मला नको का कळायला?"

आणि हातात एक छोटी डबी दिली. उद्या सकाळची ताजी शी, चमचाभर, वरवरची. जमिनीला चिकटलेला भाग नको, कारण मातीत स्वतंत्र राहणाऱ्या बारीक अळ्या असतात, त्या नमुन्यात आल्या की गोंधळ होतो. दोन-चार तासांत आणून द्यायची. डबीवर जनावराचं नाव आणि वार.

ही तपासणी मी गेले तेव्हा दीडशे रुपयांना होती. माझ्या मते कुत्र्या-मांजरावर खर्च होणाऱ्या पैशांत सगळ्यात सार्थकी लागणारे हे दीडशे रुपये. कसं करतात ते उभं राहून बघू देतात, हे विशेष. शेंगदाण्याएवढा तुकडा मिठाच्या घट्ट पाण्यात कालवायचा, गाळायचा, नळीत काठोकाठ भरायचा आणि तोंडावर पातळ काच ठेवायची. बहुतेक जंतांची अंडी त्या पाण्यापेक्षा हलकी, ती तरंगत वर येऊन काचेला चिकटतात. दहा-पंधरा मिनिटांनी काच उचलून मायक्रोस्कोपखाली. खर्च मिठाचा. तरी इतके दवाखाने करत का नाहीत, ते मला अजून उमगलेलं नाही. गोळी विकायला वेळ कमी लागतो हे एक कारण असावं.

शेरूच्या नमुन्यात हुकवर्म निघाले. आतड्याला दात लावून रक्त पिणारे हे जंत, त्यांची अंडी लांबट आणि पातळ सालीची. पण खरा धक्का बसला तो नंतर, रस्त्यावरच्या कुत्रीने कोकोपीटच्या गोण्यांमागे पिल्लं घातली तेव्हा. पिल्लं तीन-चार आठवड्यांची, पोटं ही एवढाली फुगलेली. बाया म्हणाल्या, बाळसं धरलंय. त्यांची पोरं शाळा सुटली की त्या पिल्लांतच. मी एका पिल्लाची शी डबीत घालून नेली. मॅडमनी भिंगातून बघितलं आणि बाजूला सरकून मला म्हणाल्या, "बघा."

गोल, काळपट अंडी, आणि जाड कडेवर लिंबाच्या सालीसारखे खळगे. एक-दोन नव्हे, जिथे नजर टाकावी तिथे. टॉक्सोकॅरा. हा कुत्र्याचा गोल जंत, आणि पिल्लं तो जन्मतःच घेऊन येतात. कुत्रीच्या मांसात त्याच्या अळ्या वर्षानुवर्षं निपचित पडून असतात. ती गाभण राहिली की त्या जाग्या होतात आणि पोटातल्या पिल्लांत शिरतात, उरलेल्या काही दुधातून जातात. त्यामुळे "पिल्लू अजून लहान आहे, मोठं झाल्यावर जंताचं औषध देऊ" हा हिशोब साफ उलटा. दोन आठवड्यांचं झालं की पहिला डोस, मग दर दोन आठवड्यांनी, दूध सुटेपर्यंत आणि त्याच्या थोडं पुढेही, बरोबर आईलाही. पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला. मांजराची गोष्ट जराशी वेगळी. त्यांचा गोल जंत पिल्लांना गर्भात लागत नाही, दुधातून लागतो, म्हणून तिथे तिसऱ्या आठवड्यापासून सुरुवात.

यात माणसाचं काय, हे मला तिथेच नीट समजलं. पिल्लाच्या ताज्या शीतलं टॉक्सोकॅराचं अंडं लगेच बाधत नाही. मातीत पडून त्याच्या आत अळी तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे रोजची शी रोज उचलली तर निम्म्याहून जास्त काम झालं. पण एकदा का ते अंडं मातीत मुरलं की तिथे वर्षानुवर्षं तग धरतं. फिनेलने त्याला काही होत नाही. आमच्याकडे फिनेलचे कॅन रिकामे होत होते, त्याचा वास यायचा आणि मनाला बरं वाटायचं, एवढाच उपयोग. उकळतं पाणी आणि कोरडं कडक ऊन, ही त्याची औषधं. खताचा ढीग नीट रचला आणि आतून चांगला तापला तर त्यातलीही अंडी मरतात, हे मात्र आम्हा रोपवाटिकावाल्यांच्या पथ्यावर पडणारं.

मुलाने मातीचा हात तोंडात घातला आणि असं पिकलेलं अंडं पोटात गेलं, तर अळी बाहेर येते, पण माणूस काही तिचं घर नव्हे. तिथे तिला जंत म्हणून मोठं होता येत नाही. मग ती भटकते. यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात. मॅडमनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. १९५० साली अमेरिकेत, डोळ्याचा कॅन्सर असेल या भीतीने काढून टाकलेले लहान मुलांचे डोळे पुन्हा तपासले, तेव्हा त्यातल्या कित्येकांत गाठीऐवजी जंताची अळी सापडली. दोन वर्षांनी तिथल्याच शास्त्रज्ञांनी मुलांच्या यकृतात ही कुत्र्याची अळी दाखवून दिली. हे रोज उठून कुणाला होत नाही, आणि ज्यांच्या पोटात अळी जाते त्यातल्या बहुतेकांना काही कळतही नाही, हेही त्यांनी लगेच सांगितलं. मॅडम घाबरवून औषध खपवत नाहीत. हा त्यांचा मोठा गुण.

पिल्लांना पातळ औषध दिलं, पायरँटेलचं, पिवळसर, गोड वासाचं. पिल्लं चाटून खातात. दुसऱ्या दिवशी जे बाहेर पडलं ते पाहून बायांनी पदर तोंडाला लावले, आणि पोरांना हात धुवायला आता मला सांगावं लागत नाही, त्यांच्या आयाच दंडाला धरून नळावर नेतात.

त्यातल्या एका बाईने विचारलं, पोरांना शाळेत गोळी देतात की, मग कशाला भ्यायचं? २०१५ पासून १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळा-अंगणवाडीत जी अल्बेंडॅझोलची गोळी देतात, ती माणसांच्या पोटातल्या जंतांसाठी, माणसाकडून माणसाला होणाऱ्या. ती जरूर घ्यावी. पण त्या एका गोळीने कुत्र्याच्या भटक्या अळीचा बंदोबस्त झाला असं धरून चालायचं नाही. त्याचा उपचार वेगळा, बरेच दिवसांचा, आणि तो माणसांच्या डॉक्टरांनी करायचा. उलट बाजूही मॅडमनी सांगितली. पोरांना रात्री शीच्या जागी खाज सुटते, ते बारीक पांढरे सुतासारखे जंत माणसाचेच असतात. त्यासाठी कुत्र्याला घराबाहेर काढणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

आता सूनबाईंचं. ती चौथ्या महिन्यात होती आणि घरात मनीवरून महाभारत. माझ्या जाऊबाई पुण्याहून फोन करून रोज एकच, "ते मांजर आधी पोत्यात घालून सोडून या." सून रडकुंडीला आलेली, कारण मनी झोपते तिच्याच पायाशी. तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांनी रक्ततपासणी लिहून दिली होती, पण मांजराचं काय करायचं यावर त्यांना फार वेळ नव्हता. मी मनीला पिशवीत घालून मॅडमकडे.

माझ्यासारखे प्रश्न घेऊन येणारे त्यांच्याकडे पुष्कळ असावेत, कारण त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. गरोदर बाईला मांजराची भीती घालतात ती टॉक्सोप्लाझ्मामुळे, हा एकपेशीय परजीवी. १९०८ साली तो सापडला, पण मांजराच्या शीतून पसरतो हे सिद्ध व्हायला त्यानंतर साठेक वर्षं गेली. त्या कामात जे. पी. दुबे या भारतात जन्मलेल्या पशुवैद्यकाचा मोठा वाटा. (मॅडमनी हे जरा अभिमानाने सांगितलं. त्या स्वतः शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या.) मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्यांदा लागण होते तेव्हा, एक-दोन आठवडे ते शीतून बाहेर टाकतं. बाहेर पडल्यावरही ते बाधण्याजोगं व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे मांजराचा वाळूचा ट्रे रोज, आणि सुनेऐवजी दुसऱ्या कुणी साफ केला, मांजराला शिजवलेलं खाऊ घातलं आणि शिकारीला मोकळं सोडलं नाही, तर पायाशी झोपणाऱ्या मनीकडून फारसं भय नाही. अंगावरून हात फिरवल्याने तर नाहीच म्हटलं तरी चालेल.

मग त्यांनी विचारलं, "सून दिवसभर काय करते?"

"कुंड्या भरते. हात फार चांगला आहे तिचा."

"हातमोजे?"

मी गप्प. मॅडम म्हणाल्या, "मनी राहू दे घरात. मातीचं काम बंद करा आधी. आणि मटण कच्चटपक्कट नको, भाज्या, कोथिंबीर नीट धुऊन." हे कुणीच सांगितलं नव्हतं. गर्भारपणात पहिल्यांदाच लागण झाली तर ती बाळापर्यंत पोचू शकते, धोका खरा आहे, पण तो येतो मातीतून आणि अर्धवट शिजलेल्या मांसातून जास्त, आणि आमच्या घरात सगळे डोळे मांजरावर. सूनबाई आता बिलं करते, फोन घेते. जाऊबाईंना मी हा सगळा वृत्तांत ऐकवला तर म्हणाल्या, "तरी पण." त्यांच्याशी कोण वाद घालणार!

रोपं लावणाऱ्या एका मावशींच्या पायाचा तर मी मोबाइलवर फोटो काढून मॅडमना दाखवायला नेला, शेरूच्या दुसऱ्या डोसला गेले तेव्हा. तळव्याच्या कडेला लाल, उंचवटा आलेली, वळणावळणाची रेघ, रोज थोडी पुढे सरकणारी, रात्री खाजेने झोप नाही. एका दवाखान्यात गजकर्णाचं मलम दिलेलं, दोन ट्यूब संपल्या. मॅडमनी फोटो बघितला आणि शेरूकडे बोट केलं. कुत्र्या-मांजरांच्या हुकवर्मची अंडी ओलसर वाळूत उबतात, अळ्या निघतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. माणसाच्या कातडीच्या खाली जाण्याची वाट बहुधा त्यांना सापडत नाही, म्हणून तिथेच कातडीत नागमोडी फिरत बसतात. गोव्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत अनवाणी फिरणाऱ्यांना, लोळणाऱ्यांनाही हे गाठतं. आपल्याकडे वाळूचा ढीग पुरतो. काही आठवड्यांनी अळी आपण होऊन मरते, पण तोवर खाजवून खाजवून जखमा होतात.

इथे मॅडमनी जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. "मी माणसांची डॉक्टर नाही, औषध देणार नाही," म्हणाल्या. पण आपल्या कागदावर काय शंका आहे ते आणि "घरच्या कुत्र्यात हुकवर्म आढळले" एवढं लिहून दिलं. तो कागद घेऊन मावशी कातडीच्या डॉक्टरकडे गेल्या, आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या मिळाल्या, आठवडाभरात रेघ सुकली. आता वाळूवर ताडपत्री असते आणि सगळ्यांना गमबूट. मावशी उन्हाळ्यात ते घालताना माझ्या नावाने काय काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तात्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरं व्हायचं नाही. तात्या मेंढपाळ. दिवाळीनंतर आमच्या मोकळ्या रानात त्यांची मेंढरं बसवतो, लेंडीखतासाठी. सोबत त्यांची दोन कुत्री, कमरेएवढी उंच. एखादं मेंढरू दगावलं किंवा जत्रेला कापलं की आतली वजडी, फोफसं, खराब कलेजी कुत्र्यांपुढे. वर्षानुवर्षांची रीत. मी एकदा तात्यांना जबरदस्तीने दवाखान्यात नेलं. मॅडमनी विचारलं, कलेजीत कधी पाण्याच्या पिशव्या दिसतात का?

"दिसत्यात की. ती खराब कलेजी आपुन खात न्हाय, कुत्र्याला टाकतो."

तिथेच तर सगळं चुकतं. त्या पाण्याच्या पिशवीत हायडॅटिड नावाच्या रोगाच्या जंताची बिजं असतात. कुत्र्याने ती खाल्ली की त्याच्या आतड्यात हजारो पट्टकृमी, म्हणजे पट्टीसारखे चपटे जंत, तयार होतात, एकेक जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा, म्हणून शीत कधी नजरेला पडत नाही. कुत्रा दिसायला धडधाकट. त्याच्या शीतून अंडी बाहेर येतात, केसांना चिकटतात, आणि ही अंडी टॉक्सोकॅरासारखी मातीत पिकायला थांबत नाहीत, पडल्या क्षणापासून बाधतात. कुत्र्याला थोपटलं, तसाच हात भाकरीला लावला, झालं. मग माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशीच पाण्याची पिशवी वर्षानुवर्षं गुपचूप वाढत राहते. फुटली तर जिवावर बेतू शकतं. तात्या म्हणाले, म्हंजी कलेजी खाल्ल्यानं हुतं? नाही, माणसाला ते कलेजी खाऊन होत नाही, कुत्र्यामार्फतच होतं. हे त्यांना तीनदा सांगावं लागलं, मलाही दोनदा.

रांगेत बसल्याबसल्या माझ्या मुलाने मोबाइलवर शोधून आम्हाला आइसलँडची हकिकत वाचून दाखवली होती. तिथे दीडशे वर्षांपूर्वी या रोगाने घरंच्या घरं ग्रासलेली. १८६३ साली क्रॅबे नावाचे डॅनिश शास्त्रज्ञ तिथे जाऊन शिकून आले, लोकांसाठी पुस्तिका लिहिली, १८६९ मध्ये कुत्र्यांबाबत कायदा झाला, आणि आज तो देश या रोगातून मोकळा आहे. तेही मेंढ्या पाळणारेच. तात्यांना हे पटलं असावं, कारण ते म्हणाले, "तिकडं थंडी लई असंल, कुत्री घरात घेत असतील." बरोबरच आहे त्यांचं.

मॅडमनी तात्यांना सांगितलं ते दोनच गोष्टींचं. खराब कलेजी-फोफसं खोल पुरा किंवा जाळा, कुत्र्यांना द्यायचीच असतील तर अर्धा तास खळखळून उकळा. आणि कुत्र्यांना प्रॅझिक्वांटेल असलेली गोळी दर सहा आठवड्यांनी, कारण पोटात गेलेल्या जंताला अंडी घालायला साधारण तेवढाच वेळ लागतो. तात्यांकडून त्यांनी तपासणीचे पैसे घेतले नाहीत, नुसते गोळ्यांचे घेतले. शी तपासूनही इथे फारसं कळत नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं: या पट्टकृमीची अंडी कुत्र्याच्या इतर काही पट्टकृमींच्या अंड्यांसारखीच दिसतात, भिंगातून वेगळी ओळखता येत नाहीत. आपल्याच तपासणीची मर्यादा सांगणारा माणूस विरळा.

तसंच मनीचं झालं. तिची डबी तपासली तर स्वच्छ. पण तिच्या गोधडीवर तांदळाएवढे पांढरट, सुकलेले कण होते, ते मी कागदात बांधून नेले. तो पिसवांमार्फत होणारा पट्टकृमी. त्याची अंडी पिशव्यांत बांधलेली असतात, मिठाच्या पाण्यावर सहसा येत नाहीत. मांजर अंग चाटताना पिसू गिळतं आणि पिसवेतून तो त्याच्या पोटात. लहान मुलांनी चुकून पिसू गिळली तर त्यांनाही होतो. म्हणून नुसती गोळी देऊन भागत नाही, पिसवा गेल्या पाहिजेत, नाहीतर महिन्याभराने गोधडीवर पुन्हा तेच.

पिसवांच्या औषधावरून एक इशारा देऊन ठेवते. पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या एका दुकानात मला मानेवर टाकायचे थेंब दिले, "कुत्र्या-मांजरांना दोघांना चालतात" म्हणून. मॅडमनी डबीवरचं बारीक अक्षर वाचलं, आत पर्मेथ्रिन. कुत्र्याला चालतं, मांजराला ते विष. झटके येतात, जीव जातो. दुकानदार काय सांगतो त्यापेक्षा डबीवर काय लिहिलंय ते वाचा, चष्मा लावून. गोळ्यांचंही तसंच, नाव कुठलंही असो, आत काय आहे ते बघायचं. प्रॅझिक्वांटेल पट्टकृमीला, पायरँटेल गोल जंत आणि हुकवर्मला. नुसती पायरँटेल आणून मनीला दिली असती तर गोधडीवरचे तांदूळ तसेच राहिले असते.

आता अर्धा तारा. टोकन नाही, वेळ ठरवून घेता येत नाही, फोन उचलत नाहीत. ओटीवर एकच बाक, त्यावर कुत्रे, मांजरं, एकदा तर कोंबडाही. मनी पिशवीतून दोनदा निसटली, दुसऱ्यांदा शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या मशिनखाली जाऊन बसली. मांजरांना वेगळा कोपरा करायला काय हरकत आहे? एक्स-रे नाही, रात्रीचं कुणी नसतं, विषबाधा किंवा अपघात असेल तर इथे वेळ घालवू नका. आणि मॅडमना बोलायला आवडतं. मला ते आवडतं, पण मागे रांगेत उभा असलेला माणूस दर वेळी मोठ्याने घड्याळ बघतो. लूत, नायटा, गोचीड, कशावरही विचारा, पूर्ण तास घेतील. नायटा मांजरापासून होतो पण तो जंतही नव्हे, परजीवी किडाही नव्हे, बुरशी आहे, हे मला अशाच एका तासात कळलं, काम होतं फक्त नखं कापायचं.

ज्यांना दोन मिनिटांत इंजेक्शन देऊन मोकळं व्हायचंय, त्यांनी इथे येऊन चिडचिड करून घेऊ नये. घरात लहान मूल असेल, कुणी गरोदर असेल, मातीत, वाळूत, मेंढरांत काम असेल, त्यांनी मात्र तासभर काढून यावं.

गुरुवारी बंद. सकाळी नऊच्या आधी पोचलात तर नंबर लवकर लागतो आणि नमुना ताजा असतो. डबी तिथून मिळते, पण बऱ्याचदा संपलेली असते, तेव्हा झाकणाची स्वच्छ डबी घरून न्या, वर नाव घाला. औषधाच्या रिकाम्या बाटलीतून आणू नका, कंपाउंडर पोरगं परत पाठवतं. पैसे रोख, आणि सुटे न्या. पाचशेची नोट दिली की त्याच पोराला झेरॉक्सवाल्याकडे पळावं लागतं, आणि तो झेरॉक्सवाला मनीवर अजून रागावलेला आहे.